सायकलच्या उजव्या कुशीतला ओरखडा

हा लेख पुढे वाचण्याआधी एक काम करा. अंगणात, जिन्याखाली, गोठ्याच्या भिंतीला टेकून, जिथे कुठे तुमची सायकल उभी असेल तिथे जा. तिच्या उजव्या बाजूला, म्हणजे चेनच्या बाजूला, उकिडवे बसा. पायडल जिथे बसवलेलं असतं तिथून एक नळी मागच्या चाकाच्या नटापर्यंत गेलेली दिसेल. चेनचा एक पदर त्या नळीच्या वरून जातो, दुसरा खालून. ती नळी एखाद्या चिंधीनं स्वच्छ पुसा आणि नीट पाहा. काय दिसलं?

रंग जिथल्या तिथे असेल तर शाब्बास! पण तुमच्यापैकी पुष्कळांना तिथे काळपट ओरखडे दिसतील. काहींना रंग उडून आतलं लोखंड दिसेल. एखाद्याच्या बोटाला तर चक्क खाच लागेल. धाकट्या भावावर संशय घेऊ नका हं! हा सगळा उद्योग चेनचा आहे.

"त्यात काय एवढं? चेन म्हटल्यावर घासणारच की!" असं म्हणालात ना? मीही अगदी असंच म्हणायचो. आणि त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीला काय भोगावं लागलं, ते आधी सांगतो.

एका चिंधीची गोष्ट

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं. घरात सायकल एकच. आधी ती अण्णांची होती, मग थोरल्या दादाची झाली आणि मी आठवीत गेल्यावर माझ्याकडे आली. हायस्कूल पाच किलोमीटरवर. वाट उसाच्या फडांमधून जाणारी. पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल मडगार्डात असा गच्च बसायचा, की काडीनं उकरून काढल्याशिवाय चाक हलायचं नाही.

सायकलची चेन ढिली झाली होती. खड्ड्यात चाक गेलं की ती नळीवर 'खट्' करून आपटायची. आठवड्यातून दोनदा तरी पडायची. मी खाली उतरायचो, चेन चढवायचो, हात गवताला पुसायचो आणि पुढे निघायचो. एक दिवस पाहिलं तर नळीवरचा रंग बोटभर लांब उडालेला. आता अण्णा ओरडणार! मग मी शक्कल लढवली. जुन्या धोतराची एक चिंधी त्या नळीवर घट्ट गुंडाळली, वरून सुतळी बांधली. आवाज बंद झाला, ओरखडा दिसेनासा झाला. मी खूश!

ती चिंधी तिथे तीन पावसाळे राहिली.

दहावीनंतर मी शिकायला बाहेरगावी गेलो आणि सायकल बहिणीकडे आली. श्रावणातल्या एका संध्याकाळी ती शाळेतून येत होती. मागे कॅरेजवर मैत्रीण बसलेली. खड्डा काही फार मोठा नव्हता. पण 'कट्' असा आवाज झाला, मागचं चाक एका अंगाला गेलं आणि दोघी चिखलात पडल्या. नशीब, गुडघे फुटण्यावर निभावलं. मागून ट्रॅक्टर येत असता तर?

नळी तुटली होती, बरोबर चिंधीखाली. सायकलवाल्या काकांनी चिंधी सोडली तेव्हा आतून गंजाचे पापुद्रे गळून पडले. ते म्हणाले, "जखम न धुताच पट्टी बांधली व्हय कुणी?"

फ्रेम पुन्हा उभी राहीपर्यंत पंधरा दिवस गेले. ते पंधरा दिवस बहीण रोज पाच किलोमीटर जाताना आणि पाच येताना चालली. पहिल्या तासाला रोज उशीर. मला हे सगळं तिच्या पत्रातून कळलं. पत्राच्या शेवटी एकच ओळ होती : "चिंधी तू बांधली होतीस ना?"

तेव्हापासून मी सायकलवाल्या काकांचं ते वाक्य विसरलो नाही. चेनपासून फ्रेम वाचवायची तर तीन पायऱ्या आहेत. आधी कारण शोधायचं, मग जखम धुवायची आणि सगळ्यात शेवटी पट्टी बांधायची. मी पहिल्या दोन गाळल्या आणि एकदम तिसरीवर उडी मारली. तुम्ही तसं करू नका, म्हणून हा लेख.

फ्रेम म्हणजेच सायकल

सायकलचं काय काय बदलता येतं? टायर, ट्यूब, तारा, ब्रेकचे रबर, पायडल, सीट, चेन... हे सगळं गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतं. पण फ्रेम बदलली तर ती जुनी सायकल राहते का? फ्रेम म्हणजे सायकलचा सांगाडा. बाकी सारं तिच्यावर टांगलेलं.

आणि हा सांगाडा भरीव नसतो बरं का! आतून पोकळ नळ्यांचा असतो. साध्या लोखंडी सायकलच्या नळीची जाडी जेमतेम एक-दीड मिलिमीटर असते. म्हणजे तुमच्या पट्टीवरची एक किंवा दीड बारीक रेघ! तेवढ्या पातळ भिंतीवर तुम्ही, तुमचं दप्तर आणि कधी कधी मागची मैत्रीण, असा सगळा भार असतो.

या भिंतीला जपतो तो रंग. रंग केवळ शोभेसाठी नसतो. तो लोखंडाचा रेनकोट आहे. लोखंडाला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन दोन्ही एकत्र भेटले की गंज चढतो. रंग असतो तोवर ही भेट होत नाही. चेननं रंग खरवडला की रेनकोट फाटला. मग गंज त्या भोकातून शिरतो आणि उरलेल्या रंगाच्या खालून पुढे सरकतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग फुगतो आणि त्याचे पोपडे निघतात. शिवाय गंज स्पंजासारखा सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो. आता लक्षात आलं ना, माझ्या चिंधीनं काय केलं? जखमेवर ती तीन पावसाळे ओला बोळा धरून बसली होती.

चेन आपटते तरी का?

नवी चेन नळीला शिवत नाही. मग काही महिन्यांनी असं काय होतं? "चेन ताणली गेली," असं आपण म्हणतो. पण पोलादाची चेन काही रबरासारखी ताणत नाही. खरी गंमत वेगळीच आहे.

चेन म्हणजे कड्यांची माळ. दोन कड्या जिथे जुळतात तिथे एक बारीक पिन असते. चेन दातेरी चक्रावरून वळताना प्रत्येक जोड त्या पिनेभोवती फिरतो. त्यात धूळ-चिखल गेला की पिन कानशीनं घासल्यासारखी झिजते. समजा, एका जोडात केवळ ०.१ मिलिमीटर फट पडली. डोळ्यांना ती दिसणारही नाही. पण चेनमध्ये असे शंभराच्या आसपास जोड असतात. ०.१ गुणिले १०० म्हणजे १० मिलिमीटर. चेन एक सेंटिमीटर लांब झाली!

"एक सेंटिमीटरनं काय होतंय?" असं वाटतं ना? मग हा प्रयोग करा. एका फळीवर ४५ सेंटिमीटर अंतरावर दोन खिळे ठोका. दोन्ही खिळ्यांच्या मध्ये बरोबर ४६ सेंटिमीटर दोरा राहील असा तो बांधा. आता मधोमध बोट ठेवून दोरा खाली ओढा आणि किती खाली आला ते मोजा. जवळजवळ पावणेपाच सेंटिमीटर! लांबी वाढली एक सेंटिमीटर आणि झोळ पडला पावणेपाच. नववी-दहावीतल्या दोस्तांनी पायथागोरसचं प्रमेय वापरून ताळा करून पाहावा : कर्ण २३, एक बाजू २२.५, दुसरी किती?

असाच झोळ पडलेली चेन खड्ड्यात उसळते, नळीवर आपटते आणि शेवटी चक्रावरून खाली येते.

चेन झिजली की नाही हे पाहायला दुकानात जायची गरज नाही. तुमच्या कंपासपेटीशेजारची पट्टी पुरे. सायकलच्या चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून शेजारच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर बरोबर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. हे माप जगभर सारखंच आहे. म्हणजे चोवीस जोडांचे बारा इंच झाले. ज्या पट्टीवर इंच आहेत ती घ्या. शून्याची रेघ एका पिनेच्या मध्यावर धरा, चेन थोडी ताणून ठेवा आणि बारा इंचांची रेघ कुठे येते ते पाहा. बरोबर पिनेच्या मध्यावर आली तर चेन चांगली आहे. पिन त्या रेघेच्या एक सोळांश इंच पुढे गेली असेल, म्हणजे साधारण दीड मिलिमीटर, तर चेन बदलायची वेळ आली. एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेननं दातेरी चक्राचे दातही खाल्ले असण्याची शक्यता आहे. मग नवी चेनही त्यांच्यावर नीट बसत नाही.

चेनचा आणि आपल्या मुलखाचा संबंध

सायकलला पहिल्यापासून अशी चेन नव्हती बरं का! पुढचं चाक भलंमोठं आणि मागचं एवढंसं अशा जुन्या सायकलींची चित्रं तुम्ही पाहिली असतील. त्यांत पायडल थेट पुढच्या चाकालाच असे. चेन नाही, म्हणून ओरखडाही नाही! पण त्यावरून माणूस तोंडावर पडे. १८८० साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला हान्स रेनॉल्ड यांनी रोळाची चेन तयार केली. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी 'रोव्हर' नावाची सायकल आणली. दोन जवळपास सारखी चाकं, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन. आज तुमच्या दारात उभी आहे ती तिचीच नात-पणती.

ही नवी सायकल आपल्याकडे यायला फार वेळ लागला नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. १८८८ हे साल किर्लोस्कर उद्योगाच्या सुरुवातीचं साल मानलं जातं. पुढे सायकलींवरून ते शेतीच्या यंत्रांकडे वळले. कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर तयार करू लागले. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. आज औंध आहे सातारा जिल्ह्यात आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. गंमत म्हणजे सांगली जिल्ह्याचा बराच भागही आधी साताऱ्यातच होता. १९४९ साली 'दक्षिण सातारा' हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं.

हे सांगायचं कारण एवढंच, की लोखंड, माती आणि पाऊस यांचं नातं आपल्या दोन जिल्ह्यांना नवं नाही. नांगर असो की सायकल, ज्यानं त्याची काळजी घेतली त्याच्याकडे ते टिकलं.

घाट, चिखल आणि धूळ

चेनला छळणारे जेवढे म्हणून शत्रू आहेत ते सगळे या दोन जिल्ह्यांत हजर आहेत.

साताऱ्यात राहत असाल तर तुमचा शत्रू उतार. शहरातून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठाराकडे रस्ता जातो. अंतर पंचवीस किलोमीटरच्या आसपास आणि पठाराची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर. चढताना चेन ताठ असते, कारण तुम्ही जोर लावत असता. पण परत येताना? पाय थांबलेले, चेन मोकळी आणि सायकल वेगात. अशा वेळी प्रत्येक खड्ड्याला चेन नळीवर टाळी वाजवते.

कृष्णाकाठी, वाळवा, पलूस, मिरज, कराड भागात राहत असाल तर तुमचा शत्रू चिखल. काळी माती चेनच्या सांध्यांत शिरते, वाळते, पुन्हा भिजते आणि पिना झिजवते. महापुरात २०१९ आणि २०२१ साली सांगलीच्या कितीतरी घरांतल्या सायकली पाण्याखाली गेल्या. तसं झालं तर नुसती चेन पुसून भागत नाही. फ्रेमच्या नळ्यांना बारीक भोकं असतात, त्यांतून पाणी आत शिरतं. सीटची दांडी काढून सायकल उलटी करायची, पाणी निथळू द्यायचं आणि चांगलं ऊन दाखवायचं, नाहीतर गंज आतून बाहेर येतो.

माण, खटाव, आटपाडी, जत या भागात राहत असाल तर तुमचा शत्रू धूळ. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर त्याच साताऱ्याच्या पूर्वेकडे ढग नुसते तोंड दाखवून जातात. तिथे गंजाचं भय कमी. पण तेलकट चेनवर धूळ बसली की तिचा पॉलिश पेपर होतो!

पहिली पायरी : कारण शोधा

सायकल स्टँडवर उभी करा. चेनच्या खालच्या पदराच्या मधोमध एका बोटानं हळूच वर-खाली करून पाहा. बिनगिअरच्या सायकलची चेन एकूण अर्धा इंच, म्हणजे तुमच्या करंगळीच्या रुंदीइतकी हलली पाहिजे. पायडल थोडं थोडं फिरवून चार ठिकाणी पाहा, कारण चेन काही जागी घट्ट आणि काही जागी ढिली असते. जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथेही थोडी हललीच पाहिजे. अगदी ताठ चेनही वाईट. तिनं पायडल जड जातं आणि आतले छर्रे लवकर खराब होतात.

एक ताकीद, आणि ती अगदी मनावर घ्या : चेन फिरत असताना बोट तिच्याजवळ नेऊ नका. आधी फिरवा, थांबवा, मग बोट लावा. सायकल उलटी करून चाक गरागरा फिरवायचा खेळ लहान भावंडांसमोर तर मुळीच नको. चेन आणि दातेरी चक्र यांच्यामध्ये सापडलेलं बोट क्षणात चेंगरतं.

चेन ढिली असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक थोडं मागे ओढायचं, ते दोन नळ्यांच्या बरोबर मध्ये आहे ना ते पाहायचं आणि नट पुन्हा घट्ट आवळायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्या वेळी आई-बाबांबरोबर किंवा सायकलवाल्या काकांच्या हाताखालीच करा. चाक मागे सरकलं की ब्रेकही पुन्हा जुळवावा लागतो. तो न तपासता रस्त्यावर जायचं नाही.

चेन ढिली नसूनही रंग उडाला असेल तर कुठे उडाला ते पाहा. जागेवरून कारण कळतं. नळीच्या मधोमध ठोकल्यासारख्या खुणा असतील तर चेन आपटते आहे. पुढच्या दातेरी चक्राच्या मागे आतल्या बाजूला खोल खरवडा असेल तर चेन आत पडून नळी आणि चक्र यांच्यामध्ये अडकते आहे. चक्र वाकडं झालंय का ते बघायला सांगा. मागच्या नटाजवळ घासलं असेल तर चाक तिरकं बसलंय किंवा चेन बाहेरच्या बाजूला उतरते आहे. आणि 'कर्र कर्र' आवाज येत असेल तर बिचारी फ्रेम निर्दोष असू शकते; चेपलेलं चेनकव्हर घासत असेल. ते काढून फेकू नका. सरळ करून घ्या. ते तुमची चेन धुळीपासून आणि तुमची सलवार-पँट चेनपासून वाचवतं.

तेलाचंही तसंच. आधी कोरड्या चिंधीनं चेन पुसायची, मग प्रत्येक जोडावर मशीनच्या पातळ तेलाचा एकेक थेंब सोडायचा, पायडल दहा-वीस वेळा उलटं फिरवायचं आणि हात चेनपासून दूर घेऊन, पायडल थांबवून, वरचं तेल पुसून टाकायचं. तेल सांध्यांच्या आत हवं, बाहेर नको. खोबरेल थंडीत थिजतं, गोडेतेल हळूहळू चिकट होतं. आणि गॅरेजमधलं जळकं काळं तेल तर नकोच. त्यात धातूचा बारीक कीस असतो.

दुसरी पायरी : जखम धुवा

रंग उडालेली जागा साबणाच्या पाण्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मग बारीक पॉलिश पेपरनं तांबूस गंज निघून लोखंड चमकेपर्यंत घासा. आजूबाजूचा फुगलेला रंगही खरवडून काढा, कारण त्याच्याखाली गंज दडलेला असतो. कोरड्या फडक्यानं पुसून रेड ऑक्साईडचा एक हात द्या. ते वाळलं की वरून रंगाचा हात. ओरखडा नखाएवढाच असेल तर ताईच्या नेलपॉलिशनंही काम भागतं. मात्र आधी विचारा हं!

घासताना नळीला खोल खाच लागली, खड्डा दिसला किंवा केसासारखी बारीक रेघ दिसली, तर रंगकाम थांबवा आणि सायकल दुकानात न्या. ती रेघ म्हणजे तडा असू शकतो. तड्यावर रंग लावणं म्हणजे तो लपवणं. माझ्यासारखं.

तिसरी पायरी : आता पट्टी बांधा

यासाठी चिंधी नको, सायकलची जुनी, बाद झालेली ट्यूब हवी. ती रबराची असल्यानं पाणी पीत नाही आणि धक्का झेलते. ट्यूबचा व्हॉल्व्हजवळचा भाग टाकून द्या. उरलेल्यातून दोन बोटं रुंद आणि हातभर लांब पट्टी कापा. साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवा.

आता नळीच्या सखल टोकाकडून, बहुतेक सायकलींत पायडलच्या बाजूनं, सुरुवात करा आणि ताण देत मागच्या चाकाकडे गुंडाळत न्या. प्रत्येक नवा वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. असं का? आपल्या घराची कौलं आठवा. वरचं कौल खालच्या कौलावर असतं, म्हणून पाणी आत शिरत नाही. इथेही तेच. शेवटचं टोक आधीच्या वेढ्याखाली खुपसा आणि वरून वायरमनची काळी चिकटपट्टी लावा. चाक किंवा चेन कुठे घासत नाही ना, हे पायडल हळूहळू फिरवून पाहा. फार जाड गुंडाळलं तर चेन त्या पट्टीलाच घासेल.

ही युक्ती केवळ गावाकडची आहे असं समजू नका. डोंगरात सायकली पळवणारे मोठमोठे खेळाडूही याच नळीवर जुनी ट्यूब गुंडाळत आले आहेत. आता पुष्कळ महागड्या सायकलींना तिथे कारखान्यातूनच रबराचं कवच येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : वर्षातून दोनदा ही पट्टी सोडून आत पाहायचं. एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीच्या सुट्टीत. पट्टी बांधली म्हणजे काम संपलं असं नाही.

गिअरची सायकल असेल तर

गिअरच्या सायकलला मागे एक लोंबता हात असतो. त्यातली स्प्रिंग चेन ताणून धरते, म्हणून तिथे चाक मागे ओढायचा प्रश्न नाही. पण खडबडीत उतारावर तो हातही हेलकावे खातो आणि चेन नळीवर आपटते. उतरताना पुढे मोठं चक्र आणि मागे मधलं चक्र ठेवा. चेन जास्त ताठ राहते. हा हेलकावा कमी करण्यासाठी जपानच्या शिमानो कंपनीनं २०११ साली त्या हातातच एक छोटा क्लच बसवला.

गिअर बदलताना चेन वारंवार आत किंवा बाहेर पडत असेल तर तिथले दोन बारीक स्क्रू जुळवून घ्यावे लागतात. ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. आणि फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही. पण तो धातू लोखंडापेक्षा मऊ, त्यामुळे चेन त्यात लवकर खाच पाडते. म्हणून पट्टी तिथेही हवी.

आई-बाबांसाठी दोन शब्द

नवी सायकल घेताना आपण रंग पाहतो, किंमत पाहतो. चेनकव्हर धड आहे का आणि नळीवर कवच आहे का, हेही पाहावं. आणि मुलानं ओरखडा दाखवला तर आधी ओरडू नये. मी चिंधी बांधली ती गंज लपवायला नव्हे, अण्णांचं ओरडणं टाळायला. ओरखडा वेळेवर कळला असता तर पॉलिश पेपर आणि थोडासा रंग एवढ्यात भागलं असतं.

आज माझी बहीण स्वतः एका मुलीची आई आहे. भाची सायकलनं शाळेत जाते. दर दिवाळीला मी गेलो, की फराळाआधी आम्हा दोघांचं एक काम ठरलेलं असतं. ती पाना आणि फडकं आणते, मी पट्टी सोडतो, ती आत डोकावते. बहीण दारात उभी राहून बघत असते आणि दरवर्षी तेच विचारते, "काय रे, धुतलीस ना जखम?"

चला, आता उठा. तुमची सायकल वाट बघतेय.